कण्हेर लावा, पण छाटणी सांभाळा

कण्हेरीला जनावर तोंड लावत नाही, असे रोपवाटिकेतला माळी सांगतो, कुंपण घालणारा गडी सांगतो आणि रस्त्याच्या दुभाजकात झाडे लावणारा मुकादमही सांगतो. ते खोटे नाही. उभ्या झाडाचे पान गाय हुंगते आणि मान फिरवून पुढे जाते. पण हे झाडावरच्या हिरव्या पानापुरतेच खरे आहे. तेच पान कापले गेले, गवतात मिसळले, उन्हात वाळले की त्याचा कडवटपणा उतरतो. विष मात्र तसेच राहते. हा फरक आमच्या वसाहतीला फार महागात कळला. तुम्हाला तो फुकटात कळावा म्हणून हे लिहितो आहे. कण्हेरीची दहशत बसवण्याचा हेतू नाही. मी आजही कण्हेर लावतो आणि इतरांनाही लावायला सांगतो.

साताऱ्याजवळच्या आमच्या वसाहतीच्या दक्षिणेला मोकळा माळ आहे. त्या बाजूच्या तारेच्या कुंपणालगत गुलाबी आणि पांढऱ्या कण्हेरीची रांग आहे. माळावरचा वारा, धूळ, वैशाखातले ऊन आणि टँकरचे मोजके पाणी एवढ्यावर जास्वंद तगली नाही, मोगऱ्यानेही मान टाकली. कण्हेर मात्र दर उन्हाळ्यात फुलांनी लगडते. सकाळी पूजेला फुले तोडायला निम्मी वसाहत तिथे हजर असते.

एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर समितीने कुंपण छाटण्याचे काम एका ठेकेदाराला दिले. त्याच्या माणसांनी कण्हेर, मेंदी आणि कडेने माजलेले गवत एकत्रच कापले आणि तारेपलीकडे मोकळ्या जागेत त्याचा ढीग घातला. तो न्यायला ट्रॅक्टर येणार होता. तो आला नाही. ढीग उन्हात वाळत राहिला.

आम्हाला दूध घालणाऱ्या आबांची जनावरे त्याच माळावर चरतात. उन्हाळ्याच्या शेवटी माळावर काडी उरत नाही, त्यामुळे हा ढीग म्हणजे आयता चारा. सकाळी शेळ्यांनी त्यात तोंड घातले. दुपारपर्यंत एकीच्या तोंडातून लाळ गळू लागली, हगवण लागली, कान आणि पाय गार पडले. पोट फुगले असेल म्हणून आबांनी तिला तेल पाजले. संध्याकाळी ती आडवी झाली ती उठलीच नाही. रात्रीत दुसरीही गेली. गाईनेही त्या ढिगात तोंड घातले होते, असे आबांच्या नातवाने सांगितले, तेव्हा घरात रडारड सुरू झाली.

सकाळी पशुवैद्य आले. गाईला तपासून ते थेट ढिगाकडे गेले. एक वाळकी काटकी उचलली, तिच्या पेरावर एकाच जागी चिकटलेली तीन लांबट पाने दाखवली आणि म्हणाले, "ही कण्हेर." आबांना ते पटेना.

"डॉक्टरसाहेब, कण्हेरीला कुठं जनावर तोंड लावतंय?"

"उभ्या झाडाला नाही लावत, आबा. वाळलेलं गवतात मिसळल्यावर त्याला काय कळणार?"

गाईने थोडेच खाल्ले होते आणि उपचार वेळेत मिळाले, म्हणून ती वाचली. ठेकेदाराने हात झटकले. आम्ही वर्गणी काढून शेळ्यांचे पैसे आबांना दिले, पण गाभण शेळी गेल्यावर पैशाने काय भरून निघते, हे ज्याच्या दावणीला जनावर आहे त्यालाच कळते.

पुढच्या बैठकीत सगळी कण्हेर उपटून टाकण्याचा ठराव आला. मी विरोध केला. झाडावर माझा जीव आहे हे एक कारण. पण दुसरे जास्त महत्त्वाचे होते. शंभर फुटांची जुनी रांग मुळापासून काढायची म्हणजे आजवरची सर्वांत मोठी छाटणी. फांद्या, पाने, साल, मुळे हे सगळे विषारी, आणि ते टाकायचे कुठे, याचे उत्तर कुणाकडेच नव्हते. ज्या घोळाने शेळ्या गेल्या तोच आम्ही दसपट मोठा करणार होतो. शेवटी झाडे ठेवायची आणि छाटणीला नियम लावायचे असे ठरले. ते नियम ठरवताना डॉक्टरांकडून, कृषी महाविद्यालयातल्या एका जुन्या स्नेह्याकडून आणि पुस्तकांतून जे समजले, ते आता सांगतो.

विष कुठे आणि कसले

कण्हेरीचे मूळ, खोड, साल, पान, फूल, बी, चीक असे काहीही निर्विष नाही. त्यात ओलिअँड्रिन आणि त्याच्या जातीची द्रव्ये असतात. हृदयविकारात डिगॉक्सिन नावाचे औषध देतात, त्याच गोत्रातली ही द्रव्ये. हृदयाच्या स्नायूंच्या पेशींमध्ये सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारी एक यंत्रणा सतत चालू असते. हे विष तीच बंद पाडते. मग ठोके मंदावतात, चुकतात आणि शेवटी थांबतात. औषधात मात्रा मोजलेली असते. पानात ती कुणी मोजलेली नसते. प्रौढ गाय किंवा घोडा दगावायला दहा-वीस पानेही पुरतात, असे पशुवैद्यकाची पुस्तके सांगतात. शेळीला तर मूठभर पाला पुष्कळ झाला. वाळवल्याने किंवा उकळल्याने हे विष जात नाही.

ही माहिती नवी नाही. रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकातच लिहून ठेवले आहे, की हे झाड गुरे, शेळ्या आणि मेंढ्या यांना विषारी आहे. आपल्या आयुर्वेदातही करवीर, म्हणजे कण्हेर, उपविषांत मोजले जाते आणि शोधन केल्याशिवाय ते वापरत नाहीत. म्हणूनच मूळव्याधीवर किंवा त्वचारोगावर कण्हेरीचे घरगुती औषध कुणी सुचवले, तर त्याला लांबूनच नमस्कार करावा.

आपल्याकडची पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हे वेगळे झाड. ते मूळचे अमेरिका खंडातले. पण कूळ तेच आणि विषही त्याच प्रकारचे. तिच्या बिया तर फारच घातक. मुले बिट्ट्यांनी खेळतात, म्हणून हा उल्लेख केला.

त्याचबरोबर अतिशयोक्तीही नको. कण्हेरीजवळून गेल्याने, फूल हातात घेतल्याने किंवा सावलीत बसल्याने काही होत नाही. नेपोलियनच्या सैनिकांनी कण्हेरीच्या काड्यांवर मांस भाजून खाल्ले आणि ते मेले, ही कथा सगळीकडे सांगितली जाते, पण तिला आधार नाही. चीक लागल्यावर काहींच्या कातडीला खाज सुटते, डोळ्यात गेला तर डोळा चुरचुरतो. खरा धोका पोटात जाण्याचा आहे. सगळी काळजी तिथेच घ्यायची.

झाड समजले की देखभाल समजते

कण्हेर आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती दूरवरच्या मुलखात रानोमाळ उगवते, हे लक्षातच येत नाही. भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांपासून पश्चिम आशियातून पूर्वेकडे चीनपर्यंत तिचा पसारा आहे. दक्षिण स्पेनमध्ये, मोरोक्कोत किंवा जॉर्डनमध्ये ती कोरड्या ओढ्यांच्या आणि नद्यांच्या पात्रांत वाढते. हिवाळ्यात पाऊस आला की पात्र वाहते. उन्हाळ्यात वर नुसते दगडगोटे तापतात, पण खाली ओल टिकते. डोके उन्हात आणि पाय ओलीत, असा या झाडाचा जन्मस्वभाव आहे. पॉम्पेईच्या घरांतल्या भिंतींवर इ.स. 79 पूर्वी रंगवलेल्या बागांतही कण्हेर दिसते. लिनिअसने 1753 मध्ये तिला नेरियम ओलिअँडर हे नाव दिले. नेरियम प्रजातीत हे एकच झाड आहे. तगर, चाफा आणि सदाफुली ही तिच्या कुळातली भावंडे.

अकरावी-बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यांनी तिच्या पानाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला असतो. पानाची त्वचा जाड, आणि श्वासरंध्रे पानाच्या पाठीवरच्या खोलगट खड्ड्यांत, केसांच्या आड लपलेली. त्यामुळे उन्हात पाणी कमी उडते. आमच्या माळावर जास्वंद हरली आणि कण्हेर टिकली, त्याचे कारण हेच. हिरोशिमा महापालिकेने 1973 मध्ये कण्हेर हे शहराचे फूल ठरवले, कारण अणुबॉम्बने होरपळलेल्या जमिनीवर लवकर फुललेल्या झाडांत ती होती. अशा चिवट झाडाला खरे तर फार लाड लागत नाहीत.

ऊन मात्र भरपूर हवे, निदान सहा तास. सावलीत फांद्या लांबुडक्या होतात, फुले रोडावतात आणि कीड वाढते. मुरमाड जमीन चालते. काळ्या चिकट जमिनीत पाणी साचत असेल तर मुरूम मिसळून थोड्या उंचवट्यावर लावावी. कुंपणासाठी दोन झाडांत तीन-चार फूट आणि सुट्या झाडासाठी सहा फूट जागा सोडावी. पहिल्या उन्हाळ्यात नियमाने पाणी द्यावे. मूळ खोल गेले की महिन्यातून दोन-तीनदा भरपूर पाणी पुरते. रोज शिंपडलेले तांब्याभर पाणी मुळांना वरच ठेवते, त्याचा उपयोग नाही. कुंडीतल्या झाडाचे गणित वेगळे. त्याला खाली जाऊन ओल शोधता येत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात रोज पाणी लागते. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवावी. शेणखत वर्षातून एकदा बस झाले. युरियाचा मारा केला तर पाला माजतो आणि फूल रुसते.

रोप विकत घ्यायची गरज नसते. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, अर्धवट पिकलेली काडी पेराखाली कापून, खालची पाने काढून मातीत खोचली की बहुधा जगते. पाण्याच्या बाटलीतही मुळे फुटतात, पण त्या पाण्यात विष उतरते. बाटली मुलांच्या, मांजराच्या हाताशी ठेवू नये आणि ते पाणी पक्ष्यांच्या भांड्यात ओतू नये.

किडीचे म्हणाल, तर कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा हमखास येतो. पाण्याचा जोराचा फवारा मारला की बराचसा जातो. उरलेल्यासाठी लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी पुरते. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड दिसली तर ती फांदीच कापावी. मोठी हिरवी, डोक्यामागे निळसर डोळ्यांसारखे ठिपके असलेली अळी दिसली तर ती एका देखण्या हिरव्या पतंगाची असते. कॉमन क्रो या फुलपाखराची अळीही कण्हेरीवर वाढते आणि तिचा कोष आरशासारखा चकाकतो. या दोघी थोडी पाने खातात, झाडाचे काही बिघडत नाही. आम्ही त्यांना हात लावत नाही.

छाटणीचा दिवस

आता मुख्य गोष्ट. कण्हेरीचे फूल नव्या फुटव्याच्या शेंड्याला येते. तिला मेंदीसारखी वरून सपाट कातरली की नेमके फुलणारे शेंडेच जातात, वर पाल्याचा ढीग पडतो. म्हणजे जास्त छाटणीत फूलही कमी आणि धोकाही जास्त. मोठा बहर ओसरल्यावर वर्षातून एकदा, फार तर दोनदा, लांबलेली फांदी तिसऱ्या हिश्शापर्यंत, पेराच्या जरा वर कापावी. पेरावर तीन पाने असल्याने तिथून बहुधा तीन फुटवे येतात आणि झुडूप आपोआप भरते. बुंध्यातून येणारी जादा खोडे कोवळी असतानाच काढावीत. एवढे केले तर ठेकेदार बोलवायची वेळच येत नाही.

छाटणीच्या आदल्या दिवशी आसपासच्या जनावरवाल्यांना सांगावे. कण्हेर वेगळ्या दिवशी कापावी, गवताबरोबर कधीही नाही. खाली ताडपत्री अंथरावी. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. चीक लागला तर साबणाने धुवावा. पाला त्याच दिवशी उचलावा. उद्यावर ढकललेला ढीग हाच सापळा. आमच्याकडे विहिरीपासून लांब खोल खड्डा आहे. त्यात पाला टाकून वर मातीचा जाड थर देतो. नीट पुरलेला पाला पूर्ण कुजला की विष मोडते. उघड्यावर नुसता वाळलेला पाला मात्र विषारीच राहतो. खड्डा नसेल तर पोत्यात भरून, तोंड बांधून, 'विषारी, जनावरांना घालू नये' असे लिहून कचरागाडीवाल्याच्या हाती द्यावे. बागेतले गवत गोशाळेला देण्याची पद्धत पुष्कळ वसाहतींत आहे. त्या गवतात कण्हेरीची एकही फांदी जाऊ देऊ नका.

पाला जाळू नका. चुलीत, बंबात, शेकोटीत किंवा होळीतही ही लाकडे नकोत; धूर घातक असतो. काडीने कढईतले काही ढवळू नका, तिच्यावर कणीस भाजू नका, दातवण म्हणून चावू नका. जनावरांच्या पाण्याच्या हौदावर फांद्या झुकलेल्या असतील तर त्या आधी काढा. पडलेली पाने पाण्यात कुजून पाणीच विषारी होते.

पूजेबद्दलही सांगायला हवे. देवाला कण्हेर वाहायला हरकत नाही. हार करा, पिंडीवर वाहा. पण नैवेद्याच्या ताटात, तीर्थात, पंचामृतात तिची पाकळी पडू देऊ नका. केरळात त्रावणकोर देवस्वम मंडळाने मे 2024 मध्ये नैवेद्यात आणि प्रसादात कण्हेरीचे फूल वापरायला बंदी केली. दुसरी जागा निर्माल्याची. श्रावणी सोमवारनंतर देवळामागे टाकलेल्या हारांत बेल, दूर्वा आणि कण्हेर एकत्र असते, आणि मोकाट गाई तिथेच तोंड घालतात. निर्माल्यातून कण्हेर वेगळी काढून पुरावी.

कुणी खाल्लेच तर

माणसाला मळमळ, उलट्या, पोटात कळा, हगवण, चक्कर, अंधुक किंवा पिवळसर दिसणे आणि नाडी मंद किंवा अनियमित होणे अशी लक्षणे दिसतात. लक्षणांची वाट पाहू नका. उलटी करवू नका. दूध, तूप, लिंबू यांत वेळ घालवू नका. 108 ला फोन करा आणि जिथे हृदयाचा आलेख काढता येतो अशा रुग्णालयात न्या. बरोबर झाडाची फांदी न्या, म्हणजे डॉक्टरांचा शोधण्यातला वेळ वाचतो. रुग्ण बरा वाटला तरी देखरेखीखाली ठेवावा लागतो, कारण ठोके नंतरही बिघडू शकतात.

जनावराने खाल्ले असेल तर चारा तत्काळ समोरून काढा, बाकीची जनावरे लांब बांधा. आजारी जनावराला पळवू किंवा चालवू नका. दमल्याने बिघडलेल्या हृदयावर ताण येतो. तेल पाजू नका. 1962 या पशुवैद्यकीय क्रमांकावर फोन करा. आणि एक गोष्ट विसरू नका: गाय आडवी पडली की कॅल्शियम कमी झाले असेल, म्हणून सलाइन लावायची आपल्याकडे सवय आहे. कण्हेरीच्या विषबाधेत कॅल्शियम टोचल्याने जनावर जास्त बिघडू शकते. म्हणून येणाऱ्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, की याने कण्हेर खाल्ली आहे.

आमच्या कुंपणाची कण्हेर आजही उभी आहे. आबांची जनावरे आजही त्या माळावर चरतात. बदलले ते एवढेच, की छाटणीच्या दिवशी समितीचा एक माणूस शेवटची फांदी खड्ड्यात जाईपर्यंत तिथून हलत नाही, आणि मजुरीची रक्कम पाला पुरल्यावरच हातात पडते. तुमच्या सोसायटीत, शाळेत, देवळाच्या आवारात कण्हेर असेल तर ती काढू नका. पण पुढच्या वेळी तिला कोयता लागेल तेव्हा कापणाऱ्याला फक्त एक प्रश्न विचारा: पाला कुठे टाकणार? त्याचे नीट उत्तर मिळेपर्यंत कोयता उचलू देऊ नका.